बाकीचे कुठे आहेत? : एकटीची मुरूड-दिवेआगर-हरिहरेश्वर वारी, एसटी आणि बोटीने

आधी कबूल करून टाकते, मी घरात खोटं बोलून गेले. नवऱ्याला आणि मुलाला खरं माहीत होतं पण सासूबाईंना सांगितलं की ऑफिसच्या मैत्रिणी आहेत, पाचजणी. वय वर्षं ४६, आणि आजवर एकटी कधी लॉजवर राहिले नव्हते, एकटी कधी हॉटेलात बसून जेवलेही नव्हते (डोसा धरत नाही). गेल्या गणपतीनंतर एकदम वाटलं की बस, आता समुद्र बघायचा आणि कुणाची सुट्टी जुळायची वाट बघत बसायचं नाही. गाडी चालवता येत नाही, त्यामुळे जे काय करायचं ते एसटीनेच.

तारखा सांगते म्हणजे अंदाज येईल. १५ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार, गुरुनानक जयंतीची सुट्टी. पुढे शनिवार-रविवार. तीन दिवस, दोन रात्री. पौर्णिमा आहे हे मी कॅलेंडरवर बघितलं ते फक्त चांदणं असेल म्हणून, त्याचा भरती-ओहोटीशी किती संबंध आहे आणि आपलं सगळं वेळापत्रक त्यावर फिरणार आहे हे तेव्हा डोक्यातही नव्हतं. शिवाय २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, म्हणजे सगळीकडे भोंगे आणि नाकाबंदी, तेही नंतर कळलं.

खोली

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर यात. दोन आठवडे आधी फोन करायला घेतले. एकूण नऊ ठिकाणी केले. "किती जण?" "एक." "एक कपल?" "नाही, एक माणूस. मी." मग शांतता. चार जणांनी सरळ नाही म्हटलं, त्यातल्या एकाने तर "ताई, आम्ही फॅमिलीच घेतो" असं सांगितलं, जणू मी आकाशातून पडलेय. दोघांनी लाँग वीकेंड आहे म्हणून चार जणांच्या खोलीचा पूर्ण दर सांगितला. शेवटी मला एक युक्ती सापडली, ती अशी की हॉटेल सोडून द्यायचं आणि जिथे घरचे लोक त्याच आवारात राहतात अशी घरगुती सोय शोधायची, आणि फोन बाईने उचलला तर तिच्याशीच बोलायचं. मुरूडला अशी खोली मिळाली १८०० ला, दिवेआगरला १५०० ला. दोन्हीकडे थोडे पैसे आधी पाठवले आणि आधार कार्डाचा फोटो पाठवला. तिथे पोचल्यावर परत झेरॉक्स मागितलीच, तेव्हा दोन-तीन झेरॉक्स बॅगेत टाकून ठेवा, गावात झेरॉक्सचं दुकान दुपारी बंद असतं.

परतीचं रिझर्व्हेशन मात्र आधी केलं, श्रीवर्धन ते मुंबई, रविवार दुपारची गाडी. येताना उभं राहून यायची माझी तयारी नव्हती. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ते ऑनलाइन काढतानाही लागतं. चार दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढावा का असाही विचार केला होता पण हाफ तिकिटात आपल्याला तो परवडत नाही, हिशोब करून बघा.

शुक्रवार : गेटवे ते मुरूड

पहाटेची लोकल पकडून सीएसएमटी, तिथून शेअर टॅक्सीने गेटवे. सात वाजून गेले होते आणि मांडव्याच्या बोटीची रांग आधीच लागलेली. अख्खी मुंबई अलिबागला निघालेली बहुतेक. मला सव्वाआठची बोट मिळाली. तिकीट दोनशेच्या थोडं वर, आणि यात मांडवा जेट्टी ते अलिबाग बसचे पैसे धरलेले असतात, म्हणून उतरल्यावर तिकीट फेकू नका. माझ्या पुढच्या काकांनी तिकिटाची होडी करून पाण्यात सोडली होती नातवासाठी. मग मांडव्याला बसच्या दारात जी काय झकाझकी.

बोटीत तासभर. समुद्रपक्षी मागे लागतात, लोक त्यांना कुरकुरे टाकतात (टाकू नका हो). पहिला "बाकीचे कुठे आहेत?" इथेच झाला. शेजारच्या बाईंनी बॅग ठेवायला जागा केली आणि विचारलं, बाकीचे वरच्या डेकवर आहेत का? मी हो म्हणाले. खोटं बोलायची सवय लागली की लागते.

अलिबाग स्टँडवर चौकशीच्या खिडकीवर विचारलं, मुरूडची गाडी किती वाजता. आतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "लागलीय ती." हे वाक्य ऐकलं की प्रश्न विचारायचा नाही, पळायचं. पळाले. खिडकी मिळाली. उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला येतो. हाफ तिकीट तेव्हा चाळीसच्या आसपास होतं आणि वेळ साधारण दोन तास, कारण गाडी प्रत्येक गावात थांबते, आणि खरं तर मजा त्यातच आहे. अक्षी (मराठीतला सगळ्यात जुना म्हणून ज्या शिलालेखाचं नाव घेतात, शके ९३४ चा, तो इथलाच), नागाव, चौल, मग रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. माझ्या शेजारी चौलला एक मावशी चढल्या होत्या, त्या फोनवर बोलत होत्या आणि मला शब्द कळेना. मराठी नाही, कोकणी नाही. कोर्लईला उतरताना हसून म्हणाल्या, आमची घरातली भाषा आहे ही, पोर्तुगीजांच्या वेळची. त्या गावातले ख्रिश्चन लोक अजून ती बोलतात हे मी वाचलं होतं कधीतरी, पण कानाने ऐकलं ते लाल डब्यात.

काशीद आल्यावर निम्मी गाडी रिकामी झाली. नांदगाव, मग मुरूड. दीड वाजला होता.

जंजिऱ्याला शुक्रवारी जाणाऱ्यांसाठी टीप, दुपारी नमाजाच्या वेळेत साधारण १२ ते २ होड्या बंद असतात. मला आधी माहीत नव्हतं, खोलीवर आंघोळ करून निघाले म्हणून योगायोगाने वाचले. राजपुरीला रिक्षाने गेले. शिडाची होडी, वीस-पंचवीस माणसं, लाइफ जॅकेट घालायला लावतात ते भिजकट असतं पण घाला. रांगेत तासभर. होडी किल्ल्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, नुसती भिंत, आणि आपण आता भिंतीवर आपटणार असं वाटतं तेवढ्यात दोन बुरुजांच्या मधे फट दिसते. पाऊण तास देतात. तेवढ्यात कलाल बांगडी तोफ, गोड्या पाण्याचं तळं आणि दाराशी कोरलेला तो हत्तींना पायाखाली-शेपटीत धरलेला वाघासारखा प्राणी, एवढं धावत होतं. होडी बदलायची नाही, ज्या होडीने आलो तिनेच परत. होडीवाला माणसं मोजत होता आणि माझ्यापाशी येऊन थांबला. "तुमचे बाकीचे?" मी म्हटलं कुणी नाही. "मग आधी सांगायचं ना, मी केव्हाचा शोधतोय." बिचारा एक कुटुंब कमी भरतंय म्हणून थांबला होता, ते कुटुंब म्हणजे मी.

रात्रीचं जेवण. ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. खानावळीत शिरले, चार जणांचं टेबल, पोरगा येऊन चार ग्लास पाणी ठेवून गेला. मी सांगितलं एकच. त्याने तीन ग्लास उचलले नाहीत. सुरमई थाळी ३५० ची. पहिले पाच मिनिट मी मोबाईलमधे डोकं घालून बसले, मग तुकडी आली, गरम, रव्यात तळलेली, कडेला कुरकुरीत आणि मधे बोट लावलं की पदर सुटत होते, आणि सोलकढी अशी की लसणाचा वास आधी नाकात. मग मोबाईल उलटा ठेवला. काटे काढत जेवायचं असेल तर खरं सांगते एकटंच बरं, कुणाशी बोलायला लागत नाही. तीन भरलेले ग्लास समोर होते, त्यातला एक मीच प्यायले.

परत येताना एका देवळात त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ लावलेली. बायका वाती लावत होत्या, मलाही एकीने पणती हातात दिली, काही विचारलं नाही.

रात्री खोलीची कडी लावली, मग खुर्ची दाराला लावली, मग खुर्चीवर बॅग ठेवली. मग तीन वाजता बाथरूमला जाताना त्याच खुर्चीला अडखळले. दुसऱ्या रात्री खुर्ची लावली नाही.

शनिवार : आगरदांडा, दिघी, आणि माझी चूक

सहाला जाग आली आणि किनाऱ्यावर गेले. हे कुणी ठरवून करा प्लीज, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. पूर्ण चंद्र समुद्रात बुडत होता, पद्मदुर्ग किल्ल्याच्या अंगाला, पिवळा, सपाट, भाकरीसारखा, आणि मागे गावावर उजाडत होतं. पाणी एवढं आत गेलेलं की ओल्या वाळूत चालत चालत मी कुठे आले तेच कळेना. एक आजोबा कुत्र्याला घेऊन फिरत होते, तेवढेच आम्ही.

आता चुकीबद्दल. मी इंटरनेटवरून दिघी स्टँडच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवला होता, त्यात दिवेआगरकडे जाणारी साडेदहाची गाडी होती. आगरदांड्याला रिक्षाने गेले (१५० घेतले, एसटी पण जाते पण मला वेळ जुळली नाही), तिथून दिघीची फेरीबोट, जिच्यात गाड्या पण चढवतात. माणशी तीसेक रुपये, वीस मिनिटं, वारा मस्त. दहा वाजता दिघीला उतरले. माझ्याबरोबर उतरलेल्या सगळ्यांच्या गाड्या होत्या, त्या भुर्रकन गेल्या आणि पाच मिनिटांत जेट्टीवर मी, एक चहाची टपरी आणि दोन मांजरं.

साडेदहा झाले, अकरा झाले. चहावाल्याला फोटो दाखवला तर त्याने तो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "ताई हा बोर्ड रंगवला तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं." गाडी आता लवकरची आहे, ती गेली. पुढची दुपारी. त्यात इलेक्शन.

इथे जरा घाबरले. दिवस होता, चहावाला भला माणूस होता, पण पोटात गोळा आलाच, वाटलं बाकीचे असते तर कुणीतरी हसलं तरी असतं. नवऱ्याला फोन लावला तर रेंज नाही. मग चहा प्यायले, दोन वडे खाल्ले. पावणेबाराला एक विक्रम रिक्षा आली, बोर्लीपंचतनला बाजाराला जाणाऱ्या कोळणी आत, टोपल्या टपावर. "बस गं, मावशील." मावले. मांडीवर कुणाचं तरी पोर. बोर्लीहून दिवेआगर अगदी जवळ, तिथून दुसरी रिक्षा. मिळून साठ रुपये.

तर टीप अशी की वेळापत्रकाचा फोटो कितीही स्वच्छ असला तरी आदल्या दिवशी गाडीच्या कंडक्टरला किंवा जिथे राहताय त्या घरी विचारायचं. अलिबाग-मुरूड गाडीतल्या कंडक्टरना मी हे विचारू शकले असते, दोन तास त्यांच्या मागेच बसले होते.

दिवेआगरच्या काकूंनी (घर त्यांचंच, वय सत्तरीचं असेल) मी उशिरा आले म्हणून आधी रागावून घेतलं. जेवणाला सकाळीच फोन करून सांगावं लागतं, तिथे सगळीकडे तसंच आहे, ऐनवेळी गेलात तर उपाशी. मी सांगितलं होतं, आमटी-भात, वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक. "एका माणसासाठी मोदक करायला घेत नाही मी कधी, उकड बिघडते. म्हणून आमच्यासाठी पण केले." म्हणजे माझ्यामुळे त्या घराने शनिवारी मोदक खाल्ले.

दुपारी सुवर्णगणेशाला गेले. १९९७ मधे वाडीत तांब्याच्या पेटीत सापडलेला गणपतीचा तो सोन्याचा मुखवटा २०१२ मधे दरोडा घालून चोरीला गेला होता, दोन माणसं मारली गेली त्यात. सोनं नंतर परत मिळालं आणि २०२१ मधे नव्याने स्थापना झाली. देऊळ छोटं आहे, गर्दी होती, पण मला काकूंची वाडी जास्त लक्षात राहिली. सुपारीची झाडं, आणि मधेच मोकळं आभाळ. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात झाडं गेली ती जागा. काकूंनी हाताने दाखवलं, इथून तिथपर्यंत एकावर एक पडलेली, आम्ही आठवडाभर वाडीत शिरलोच नाही. नवी रोपं लावलीत ती आता माझ्या डोक्याच्या वर आहेत. "सुपारी धरायला वेळ लागतो. मी बघेन की नाही, बघू."

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं उद्या हरिहरेश्वर करून दुपारी श्रीवर्धनहून गाडी. प्रदक्षिणा करायचीय. त्यांनी विचारलं उद्या तिथी काय? मला कुठलं माहीत. "द्वितीया. दोनाची पाऊणपट किती?" दीड. "मग भरती दीडला. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, साडेसातला. दहाच्या आत वर ये, नाही तर वाट पाण्यात जाईल." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, एवढं सोपं गणित मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. अंदाजाचं आहे, थोडं मागेपुढे होतं, पण नवख्याला पुरतं.

रविवार : हरिहरेश्वर आणि घर

काकूंच्या हिशोबाने पहिली गाडी पकडायची म्हणून साडेपाचला उठले. टॉर्च आणा, वाडीतून रस्त्यापर्यंत अंधार मिट्ट. श्रीवर्धनला उतरून पुढची हरिहरेश्वरची गाडी, दोन्ही मिळून पस्तीसेक रुपये. पावणेनऊला देवळात. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव असा क्रम आहे, तो मागच्या आजींनी सांगितला.

प्रदक्षिणेची वाट आधी डोंगरावर चढते आणि मग दोन कड्यांच्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या एकदम खाली समुद्रात उतरतात. खाली खडकाला पाण्याने अशी जाळी पाडलीय की मधमाशांचं पोळं वाटावं. शेवाळ आहे, चपला घसरतात, मी सॅंडल काढून हातात घेतले आणि खडकाच्या धारा तळव्याला टोचत होत्या तरी तेच बरं वाटलं. पाणी अजून दूर होतं पण आवाज मोठा. घाई करत नव्हते पण थांबतही नव्हते, कारण या ठिकाणी लाटेने माणसं ओढून नेलीत, तसे बोर्ड लावलेत, आणि एकटं असताना सेल्फीसाठी पुढे सरकायचं नाही हे मी स्वतःला बजावलं होतं. वर आले तेव्हा पावणेदहा. देवळाबाहेर मी चहा घेईपर्यंत साडेदहाला एक मोठा ग्रुप आला, त्यांना तिथल्या माणसाने खाली जाऊ दिलं नाही. आम्ही पुण्याहून आलोय वगैरे वाद चालला होता. द्वितीयेला काय करणार.

श्रीवर्धनला परत येऊन जेवले आणि एकची गाडी. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव, पण मी बघितला फक्त स्टँड आणि बाजार. बाजारातून अर्धा किलो रोठा सुपारी घेतली, सासूबाईंना. इथली प्रसिद्ध आहे.

म्हसळ्याच्या पुढे नाकाबंदी. गाडी बाजूला, आत पोलीस आणि मागे व्हिडिओ कॅमेरा घेतलेला एक मुलगा. पन्नास हजाराच्या वर रोकड असेल तर कागद दाखवा. माझी बॅग उघडली तर ओले कपडे, वाळू, सुपारी. पोलीस बाईंनी सुपारीची पिशवी दाबून बघितली आणि हसल्या. माझ्याकडे रोकड राहिली होती ६४० रुपये. (रोकड मात्र न्याच, एसटीत मशीनवर यूपीआय चालतं पण रेंज नसली की सुट्टेच लागतात.)

मग माणगाव. माणगावबद्दल काय लिहू, रविवारी संध्याकाळी अख्खं कोकण मुंबईला निघतं आणि माणगावात उभं राहतं. सव्वा तास. परतीच्या गाडीला दोन तास जास्तीचे धरूनच चाला आणि पाणी-बिस्किटं जवळ ठेवा. पनवेलला उतरले, ठाणे लोकल, तिथून डोंबिवली. रात्री साडेनऊ.

एकूण खर्च ५६७० रुपये. खोल्या ३३००, खाणं १३५०, प्रवास ८७०, जंजिऱ्याची होडी आणि किरकोळ १५०. सुपारी वेगळी.

सासूबाई जाग्या होत्या. सुपारी हातात घेऊन वास घेतला, फोडून एक खांड तोंडात टाकलं आणि विचारलं, "बाकीच्यांनी काय घेतलं?"

मी म्हटलं, आई, बाकीचे नव्हतेच.

"माहितीये," त्या म्हणाल्या. "रोज रात्री फोन करायचीस, मागे कुणाचा आवाज नव्हता." आणि अडकित्ता शोधायला उठल्या.